मंडळींसाठी सनस्क्रीन

माझ्या बायकोच्या तोंडावर आजवर पुटकुळी म्हणून आलेली नाही. लग्नात नव्हती, दोन बाळंतपणांत नव्हती, आजही नाही. तरी भोरच्या एसटी स्टँडजवळच्या मेडिकलातल्या ताईंची कित्येक महिने पक्की समजूत होती की उत्रोलीच्या त्या सोलरवाल्याच्या बायकोचं तोंड पुटकुळ्यांनी भरलंय, बिचारीला कुठलंच क्रीम सोसत नाही, आणि नवरा मात्र देवमाणूस आहे. हे सगळं त्यांना मीच सांगितलं होतं. तो देवमाणूसही मीच.

पुटकुळ्या माझ्या. मिसरूड फुटलं तेव्हा आल्या त्या चाळिशी उलटली तरी जायचं नाव घेत नव्हत्या. तोंड इतकं तेलकट की सकाळी साबणानं खसाखसा घासावं आणि गाडी वेल्ह्याला पोचेपर्यंत परत भज्याच्या कागदासारखं व्हावं. त्यात धंदा असा की सावली बघायला मिळत नाही. पुण्याच्या लोकांनी पानशेतच्या बाजूला बंगले बांधलेत, त्यांच्या छपरांवर मी सोलर पॅनेल बसवतो. ऊन वरून तर पडतंच, पण काचेवर आपटून खालूनही तोंडावर येतं. एका बंगलेवालीनं चहा देताना माझ्या गालांकडं बघितलं आणि माझा हात तिला लागू नये म्हणून कप कठड्यावरच ठेवला. त्या दिवशी चहा मी घेतलाच नाही. आठवड्यातून एकदा पुण्याहून भोरला येणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचं दार तेवढ्यासाठी मी गाठलं.

त्यांनी गोळ्या दिल्या, रात्री लावायचं मलम दिलं आणि म्हणाल्या, “हे चालू असताना तसेच उन्हात गेलात तर डाग काळे पडतील. रोज सकाळी सनस्क्रीन लावायचं. तेलकट त्वचेचं बघून घ्या, मेडिकलमध्ये मिळेल.”

म्हटलं, “मॅडम, मी पुरुषमाणूस.”

“मग? उन्हाला सांगून ठेवलंय का तुम्ही तसं?” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मेडिकलात गेलो तर काउंटरला टेकून माझा चुलतभाऊ उभा. झालं! ह्या माणसाच्या पोटात पाणी राहायचं नाही. मी सनस्क्रीन मागितलं असतं तर संध्याकाळच्या आत गावात माझं बारसं झालं असतं, आणि पोरांच्या लग्नापर्यंत ते नाव पुसलं नसतं. तो जायची वाट बघत मी उगाच खोकल्याच्या गोळ्या चाळत राहिलो. तो काही हलेना. ताईंनी विचारलं, “दादा, तुम्हाला काय देऊ?” आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “ते उन्हाचं क्रीम असतं ना, ते पाहिजे. आमच्या मंडळींसाठी.”

चुलतभाऊ हसला. “वैनींची मजा हाय,” म्हणाला. मी पण हसलो.

ताई कामाच्या पक्क्या. नुसतं क्रीम देऊन मोकळ्या होतील तर कशाच्या! “त्यांची त्वचा कशी आहे?” त्यांनी विचारलं. चुलतभावाचे कान टवकारलेले. मी घाईघाईत म्हटलं, “कोणतंबी चालंल.” त्यांनी समोर होतं ते दिलं, आणि मी ते पान्या-पक्कडींच्या पिशवीत तळाशी कोंबलं.

दुसऱ्या दिवशी बायको आत डबा भरत होती तेव्हा गोठ्याच्या मागं जाऊन गाडीच्या आरशात बघून ते फासलं. कसलं घट्ट! चोळलं तरी मुरेना, वर पांढरंफटक. पानशेतला छपरावर चढलो, घाम सुटला, आणि त्या पांढऱ्यात वाटा पडल्या. खालून बंगल्याचा मालक ओरडला, “अहो, तोंडाला चुना लागलाय तुमच्या!” मी शिडीवरूनच बाही फिरवली. आठ दिवसांत कपाळावर नव्या पुटकुळ्या उठल्या, त्या आधीच्यांपेक्षा टपोऱ्या. राग असा आला की ती ट्यूब धरणात भिरकावून द्यावी.

परत मेडिकलात गेलो. या वेळी गिऱ्हाईक कोणी नव्हतं. खरं सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. पण ताईंनीच आधी विचारलं, “सोसलं का मिसेसना?” आणि मी म्हटलं, “न्हाई ओ, लई त्रास झाला त्यांना.”

मग काय, मी सुरूच झालो. त्यांचं तोंड धुतल्यावर तासाभरात कसं तेलकट होतं, नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला कसं जास्त होतं, घाम आला की कपाळ कसं चुरचुरतं, पुटकुळी फुटली की डाग महिना-महिना कसा जात नाही. मोठ्या पोटतिडकीनं सांगितलं. स्वतःचं दुखणं बायकोच्या तोंडावर ठेवून सांगायला इतकं सोपं जातं हे मला माहीतच नव्हतं. ताई मन लावून ऐकत होत्या.

त्यांनी मग जेलसारखं क्रीम काढून दिलं. पाण्यासारखं पातळ, बिनतेलाचं. खोक्यावरचा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द बोट ठेवून दाखवला, म्हणाल्या, “याचा अर्थ त्वचेची भोकं बुजत नाहीत, तेलकट तोंडाला एवढं बघूनच घ्यायचं. नुसता एसपीएफचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. आधी जबड्याच्या कडेला लावून चार दिवस बघायला सांगा. नाही काही उठलं तर मग सगळीकडं. आणि ठिपका लावून भागत नाही, दोन बोटांवर पट्टी ओढायची तेवढं लागतं, मान धरून. घाम पुसला की परत लावायचं. रात्री धुऊनच झोपायचं.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “बायकोसाठी एवढं बारीक विचारणारा नवरा मी तरी ह्या काउंटरवर बघितला नाही. बाकीचे शँपूची पुडीसुद्धा तिलाच न्यायला लावतात.”

मला तेव्हाच मान खाली घालायला हवी होती. पण कशाचं काय! मला ते आवडलं. गाडीवर बसून घरी येताना मी मनात ते वाक्य परत परत म्हणत होतो. आता लिहिताना सगळ्यात जास्त लाज ह्याचीच वाटते.

जेल सोसलं. पावसाळा संपेस्तोवर तोंड बऱ्यापैकी निवळलं. ट्यूब संपली की मी जायचो, ताई ‘मिसेस’ची चौकशी करायच्या, मी ‘बरं हाय आता त्यांना’ म्हणायचो. घरी मात्र कोणाला पत्ता नाही. ट्यूब पान्यांच्या पिशवीत आणि पिशवी गाडीच्या डिकीत.

भातकाढणी सुरू झाली आणि दिवाळी तोंडावर आली, तेव्हा मी नव्या ट्यूबसाठी गेलो. ताईंनी या वेळी हसून स्वागत केलं नाही. ट्यूब हातात धरून म्हणाल्या, “परवा तुमच्या मिसेस आल्या होत्या.”

ट्यूबेसाठी पुढं केलेला हात मी मागं घेतला.

“विळा लागला होता बोटाला, पट्टी न्यायला आल्या. उत्रोलीच्या म्हणाल्या म्हणून मी विचारलं, सोलरवाल्यांच्या का? तर हो. मी म्हटलं, अगंबाई, किती फरक पडला, एकसुद्धा पुटकुळी नाही! त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. तुम्ही येता, त्यांच्या तोंडाचं एवढं बारीक विचारता, क्रीम नेता.” ताई पुढं सांगायला लागल्या. “त्या म्हणाल्या, मला तर अजून दिलं न्हाई. आणि मग एकदम हसल्या. म्हणाल्या, पाडव्याला द्यायचं असंल ओवाळणीत, म्हणून दडवून ठेवलं असंल. मला म्हणाल्या, मी तुम्हाला भेटले ते त्यांना सांगू नका.”

ताई माझ्या हनुवटीकडं बघत होत्या, जिथं जुने डाग आता पुसट झाले होते. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“एक त्यांच्यासाठी पण द्या,” मी म्हटलं.

“देते. त्वचा कशी आहे त्यांची?”

सवयीनं तोंडात ‘तेलकट’ येत होतं, ते गिळलं. ताईंनी परत विचारलं, “कोरडी आहे का? धुतल्यावर ओढल्यासारखी होते? डाग आहेत? वांग आलेत?” मला एकाचंही उत्तर देता येईना. माझ्या नाकाच्या शेंड्यावर दुपारी काय होतं ते मी तासभर सांगितलं असतं. जिच्या हातची भाकरी इतकी वर्षं खातोय तिचे गाल कसे आहेत ते मला माहीत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग बघून या,” ताई म्हणाल्या, आणि हातातली ट्यूबही परत कपाटात ठेवली.

मी थेट खाचरावर गेलो. दुपार होती. बायका ओळीनं भात कापत होत्या, माझी बायको त्यांच्यात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोटाला पट्टी. मला बांधावर बघून एकीनं आरोळी दिली, “आलं बाई वैनीचं मालक! क्रीम आणलं काय ओ?” सगळ्या खिदळल्या. म्हणजे हिनं साऱ्या रानाला सांगितलं होतं! “गप बसा गं सटव्यांनो,” ती ओरडली, पण आनंद काही तिला लपवता येईना.

मी जवळ गेलो आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. दोन्ही गालांवर वांग होते, चांगले रुपयाएवढे, तपकिरी. नाकाची कातडी सोलवटलेली. ओठ फुटलेले. टॉवेल जरा सरकला होता, त्याखालचं कपाळ उजळ आणि भुवईपासून खाली सगळं रापलेलं. हे कधी झालं? एका दिवसात तर नक्कीच झालं नसणार.

“असं काय बघताय?” ती म्हणाली. “हितं बायका हायेत.”

“काय न्हाई,” म्हटलं आणि परत भोरला गेलो.

ताईंनी तिच्यासाठी कोरड्या त्वचेचं घट्टसर क्रीम दिलं, माझी जेलची ट्यूबही पुढं ठेवली. पाडव्याला तिनं ओवाळलं, मी ते खोकं ताटात ठेवलं. तिनं तोंडावर उसनं आश्चर्य आणलं, ते तिला मुळीच जमलं नाही. मग खोकं पदरानं पुसून म्हणाली, “त्या मेडिकलच्या बाई भेटल्या व्हत्या मला. तुमी लई बारीक सांगत व्हता म्हणं माझ्या तोंडाचं. मला वाटायचं, ह्यांचं काय आपल्याकडं ध्यान न्हाई. म्या सांगितलं सगळ्यांना.”

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, “पण पुटकुळ्या का ओ सांगितल्या तुमी त्यांना? मला कुठं येत्यात पुटकुळ्या?” मी ताटातली वात सारखी करायला लागलो. मग ती स्वतःच म्हणाली, “वांग म्हणायचं असंल तुमाला. पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं.”

मी म्हटलं, “व्हय.”

ती रानात जायच्या आधी रोज ते क्रीम लावायला लागली. आणि पहिल्याच दिवशी बोटावर उरलेलं घेऊन माझ्यापुढं आली. “तुमीबी लावा की. दिसभर छपरावर असता, तुमचं तोंड काय पत्र्याचं हाय?” नको कसं म्हणू? तिनंच माझ्या गालांवर ते चोळलं, कपाळावर, हनुवटीवर. माझ्या कातडीला ते विषासारखं आहे हे मला पहिल्या ट्यूबेपासून ठाऊक होतं. घाट उतरून ओढ्यावर तोंड धुवावं असं रोज वाटायचं. एकदाही हात झाला नाही.

पुटकुळ्या परत आल्या. आधी कपाळावर, मग हनुवटीवर, मग सगळीकडं. जेलची ट्यूब डिकीतच वाळून गेली. शेवटी एका सकाळी क्रीम लावता लावता तिचा हात थांबला.

“अगंबाई, तुमालाच की ओ पुटकुळ्या उठल्या! मला वाटलं गेल्या त्या. मेडिकलात जाऊन इचारा की त्या बाईंना. तुमच्यासाठी मागा कायतरी.”

“पुरुषमाणसानं तोंडाचं क्रीम मागायचं म्हंजे लाज वाटती,” मी म्हटलं. एवढं मात्र खरं बोललो.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

“माझं तोंड म्हणून सांगताना न्हाई वाटली ती?” ती म्हणाली, आणि माझ्या हनुवटीवर राहिलेलं क्रीम तिनं पदरानं हळूच पुसून काढलं.