टोमॅटोचा टेम्पो आणि आडवी रेघ

माझे अण्णा नववी नापास. फिजिक्स मला त्यांनीच शिकवलं.

काल सकाळी अण्णा गेले.

गिरणाऱ्याहून नाशिकच्या मार्केटला टोमॅटोचा टेम्पो न्यायचे. अख्ख्या गावाला माहीत, अण्णांच्या गाडीत माल दिला की एक टोमॅटो दबत नाही. या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता.

९७ ची गोष्ट. मी अकरावी सायन्सला. त्याच टेम्पोतून कॉलेजला जायचे.

युनिट टेस्टमध्ये पंचवीसपैकी चार पडले. केबिनमध्ये बसल्या बसल्या सांगून टाकलं, "अण्णा, मी सायन्स सोडते. मला ते ग्राफ कळतच नाहीत."

"दाखव बरं पेपर."

वेग आणि वेळेचा ग्राफ. चाळीसवर एक आडवी रेघ. मी लिहिलं होतं, 'गाडी थांबली आहे.' सरांनी त्यावर लाल पेनानं भलीमोठी फुली मारलेली.

अण्णा हसले. "थांबली कशी? रेघ चाळीसवर हे ना? मंग गाडी चाळीसनं पळती."

गंगापूर रोडला लागल्यावर त्यांनी काटा चाळीसवर धरला.

"मागं कान दे. क्रेट वाजतात का?"

"नाही."

"ही तुझी आडवी रेघ."

मग आरशात बघितलं. मागं-पुढं रस्ता मोकळा होता. आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

क्रेट धाडकन आदळले. वरचा एक कलंडला.

"आता रेघ कुठं गेली?"

"खाली. एकदम."

"टोमॅटोला वेगाचं काय नाय, पोरी. वेग बदलला का मार बसतो."

ॲक्सिलरेशन! महिनाभर डोक्यावरून जात होतं, ते एका ब्रेकमध्ये कळलं.

मार्केटात हमालानं फुटलेला माल बघितला. "अण्णा, तुमच्या गाडीत? आज काय झालं?"

"पोरीची शिकवणी होती," अण्णा म्हणाले. मान ताठ.

मी सायन्स सोडलं नाही.

आज त्याच रोडवरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. हा धडा आला की पोरांना टोमॅटोच सांगते, आणि अण्णांचं नाव घेऊन सांगते. लय अभिमान वाटतो.

काल वैकुंठरथाच्या ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, वेगात गेलात तरी चालेल. ब्रेक तेवढा हळू दाबा."

त्यानं माझ्याकडे नवलानं बघितलं. पण ऐकलं. अमरधामपर्यंत अण्णांना एकही झटका बसला नाही.

अण्णा, तुमची पोरगी अजून सायन्सलाच आहे.

सावकाश जा.