हुरड्याच्या पंगतीत आई

एकेचाळीस-बेचाळीस साल असेल. पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर वडिलांनी नगरच्या मित्रांना हुरडा खायला बोलावलं होतं. मी आठ वर्षांची होते. घरासमोरच्या वावरात खड्डा खणून गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजत होती. निळसर धूर पिकावरून इतका हळू सरकत होता की सगळं शेतच तरंगतंय असं मला वाटलं.

आई एकटीच गरम कणसं तळहातावर चोळून प्रत्येकाच्या पानात दाणे टाकत होती. पाहुण्यांबरोबर ती कधी जेवत नसे. वडिलांचे मित्र, नगरचे एक वयस्क मुसलमान कापडव्यापारी, उठून तिच्याजवळ आले.

"वहिनी, आता तुम्ही बसा. मी चोळतो."

"आदी तुमी खा. मी मागनं खाईन की."

"मागनं गार होतो हुरडा," असं म्हणत त्यांनी तिच्या हातातलं कणीस घेतलं.

आई लाजत माझ्याशेजारी टेकली. वडिलांनी तिच्या पानात गुळाचा खडा ठेवला. ते हिरवे, गोड दाणे ती डोळे मिटून खात राहिली. उन्हं कलली तरी कुणाला उठावंसं वाटेना. निघताना पुढच्या वर्षीचं आमंत्रण सगळ्यांनी तिच्याकडूनच मागून घेतलं.