शेवटच्या रिळातला भाऊ

सिनेमाचा शेवट आधी कळलेला असला तरच अनुसूयाबाईंना सिनेमा आवडायचा. मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणी नव्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागलं की बाकीच्या बायका कानांवर हात ठेवायच्या. अनुसूयाबाई मात्र मुद्दाम विचारून घ्यायच्या, भाऊ शेवटी येतो ना? येतो म्हटलं की निर्धास्त मनानं तिकीट काढायच्या.

त्यांचा जीव माहेरच्या सिनेमांवर. कानडीत माहेराला तवरु म्हणतात, आणि म्हैसुरात एक काळ असा होता की दर चार-सहा महिन्यांनी तवरुचा एखादा सिनेमा लागायचाच. सगळ्यांची गोष्ट एकच. आई लहानपणीच गेलेली, भावानं बहिणीला अंगाखांद्यावर वाढवलेलं. मग घरात वहिनी येते. ती उंबरा ओलांडते तेव्हाच मागचं संगीत असं काही वाजतं की खुर्चीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. ती भावाचे कान भरते, बहिणीचं येणं-जाणं तोडते. बहीण बिचारी सोसते. आणि शेवटच्या रिळात भावाचे डोळे उघडतात, तो धापा टाकत बहिणीच्या दारात येतो आणि सगळं थिएटर हुंदके देतं.

अनुसूयाबाई मॅटिनीला जाऊन पोटभर रडायच्या. त्यांचे यजमान सुब्बराव रेशमाच्या कारखान्यात कारकून होते. त्यांना मारामारीचे सिनेमे लागत. बायकोसोबत बसून ते मध्यंतरातल्या चुरमुरीची वाट बघायचे. एकदा त्यांनी विचारलंही, सगळं ठाऊक असतं तर पैसे घालवून रडायला कशाला जायचं? तेव्हा अनुसूयाबाई म्हणाल्या होत्या की घरात रडायला लागलं तर कुठं थांबायचं ते कळत नाही, तिथं कळतं.

आणि गोष्ट तरी कुणाची होती? त्यांचीच. त्यांचे वडील रंगारी. गल्लीच्या टोकाला त्यांच्या रंगाच्या कढया होत्या. आई गेली तेव्हा अनुसूया पाटीवर अक्षरं गिरवत होती. थोरल्या भावानं, दत्तोजीरावानं, तिची वेणी घालायला शिकून घेतलं. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, आणि लग्नात सासरच्या गाडीमागं कोपऱ्यापर्यंत चालत आला. पुढं त्याला नंजनगूडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, घर तिकडं गेलं. तारावहिनी आली. वहिनी बोलायला तुटक होती, हसायची कमी, नाकात मोठी चमकी घालायची. अनुसूयाबाईंच्या मनात तिचं काम पहिल्या दिवसापासून ठरून गेलं.

अनुसूयाबाईंना एकच मुलगी, अमूल्या. ती न्हाण येऊन शहाणी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणं मामा साडी-बांगड्या घेऊन आला. सगळ्या बिरादरीसमोर दत्तोजीरावांनी भाचीच्या ओटीत साडी ठेवली आणि म्हणाले, "ही माझ्या धनुषची. आता दुसरीकडं बघायचं नाही."

बघितलंही नाही. मामेभाऊ-आतेबहिणीची लग्नं त्यांच्यात होतातच, कुणाला नवल वाटलं नाही. अमूल्या मोठी झाली ती धनुषची म्हणूनच. सुटीत नंजनगूडला जायची, धनुष तिला गणित शिकवायचा. आईबरोबर सिनेमाला गेली की शेवटी आईचा हात घट्ट धरून बसायची. पुढं ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करून कुवेंपुनगरच्या एका खासगी लॅबमध्ये लागली. धनुष इंजिनियर होऊन बेंगळुरूला गेला. मग एक दिवस फोनवर निमंत्रणपत्रिका आली, धनुषच्या लग्नाची. मुलगी त्याच्याच ऑफिसातली.

सुब्बराव संतापून नंजनगूडला निघाले होते. अनुसूयाबाईंनी अडवलं. म्हणाल्या, माझ्या अण्णाचं यात काही नाही, हे सगळं वहिनीचं आहे. आपला अण्णा तसा नाही.

त्या दिवसापासून त्यांनी वहिनीशी बोलणं टाकलं. तारावहिनीचा फोन आला की ठेवून द्यायच्या. कार्यात समोर आली तर तोंड फिरवायच्या. सुब्बराव वारले तेव्हा दोघं आली होती. दत्तोजीराव दारातच थोडा वेळ उभे राहून, बस चुकेल म्हणून निघाले. तारावहिनी मात्र आत आली, अनुसूयाबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घ्यायला गेली. अनुसूयाबाईंनी तो पदराखाली ओढून घेतला. भाऊ का थांबला नाही याचंही उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. तिच्यासमोर तो कसा थांबणार?

अमूल्याचं मन कुठल्याच स्थळाला तयार होईना. मग स्थळं यायचीही थांबली. ती सकाळी स्कूटर काढून लॅबला जायची, संध्याकाळी परत. सिनेमाला येणं तिनं सोडून दिलं. जुनी थिएटरं एकेक करून बंद पडली तेव्हा अनुसूयाबाईंनी टीव्हीवर दुपारचे जुने सिनेमे धरले. अमूल्या घरी असली आणि पडद्यावर वहिनी उंबरा ओलांडताना दिसली की ती उठून गच्चीवर जायची. अनुसूयाबाईंना वाटायचं, पोरीला आपलं दुःख आठवतं.

गेल्या वर्षी तारावहिनी गेली. साखरेचा आजार बरीच वर्षं होता, शेवटी मूत्रपिंडांवर आलं. अमूल्या निरोप ऐकून भिंतीला टेकून खाली बसली आणि रडत राहिली. अनुसूयाबाईंना ते समजलं नाही. नंजनगूडला त्या गेल्या, प्रेताला हळद-कुंकू लावलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. परत येताना बसमध्ये त्यांना फार हलकं वाटत होतं. ते कशामुळं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आणि अण्णा आला.

रविवारची सकाळ होती. दारात दत्तोजीराव, हातात नंजनगूडच्या रसबाळी केळ्यांची फणी, अंगानं निम्मे झालेले. "अनू," म्हणाले आणि फणी पुढं केली. अनुसूयाबाईंनी त्यांना आत घेतलं, पायांवर पाणी घातलं, आणि दोघं भाऊ-बहीण मधल्या खोलीत बसून रडली. इतकी वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या ते अगदी तसंच्या तसं घडत होतं. एकही गोष्ट चुकली नव्हती.

जेवणं झाल्यावर दत्तोजीरावांनी विषय काढला. धनुषचं त्या मुलीशी पटलं नाही, वेगळी झाली, कोर्टाचंही आटोपलं. तो आता घरूनच काम करतो, नंजनगूडलाच असतो. घरात बाईमाणूस नाही. माझे गुडघे गेले, गॅससमोर उभं राहवत नाही. अमूल्याला आता आमच्या घरी पाठव. दिलेला शब्द मी पुरा करतो.

अनुसूयाबाईंनी हो म्हटलं. मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती, तिला विचारायला उठावं असंही त्यांना वाटलं नाही. उत्तर ठरलेलंच होतं.

नळ बंद झाला. अमूल्या हात पुसत दारात आली. आवाज न चढवता म्हणाली, मामा, मी येणार नाही. दत्तोजीराव हसले, पोरींनी आधी नको म्हणायचंच असतं अशा थाटात. अनुसूयाबाई मात्र चिडल्या. ज्या बाईनं तुझं वाटोळं केलं ती गेली, आता कशाचा राग धरून बसलीस, असं त्या भावासमोरच मुलीला म्हणाल्या.

"साकु, आई," अमूल्या म्हणाली. पुरे. "मामीला काही बोलू नकोस. मामी दर महिन्याला माझ्या लॅबमध्ये यायची. नंजनगूडला लॅब नव्हत्या काय? साखर तपासायला म्हणून माझ्याकडं यायची आणि बाकावर बसून राहायची."

मग तिनं सगळं सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा मामी घरात जेवली नव्हती. पोरीला शब्द दिलाय, बिरादरीसमोर साडी ठेवलीय, म्हणून नवऱ्याशी भांडली. धनुष द्विधेत होता, बाप म्हणेल ते करणार होता. हे सांगायला मामीनं आईला किती फोन केले. शेवटी तिनं अमूल्यालाच गाठलं. तुझं लग्न मला राखता आलं नाही म्हणाली, आणि त्यानंतर येतच राहिली.

अनुसूयाबाईंनी भावाकडं बघितलं. आता तो नाही म्हणेल, उसळेल, किंवा निदान मान खाली घालेल, असं त्यांना वाटलं असावं. दत्तोजीराव केळं सोलत होते.

"हो, ती भांडली खरी," ते म्हणाले. "तिला व्यवहार कळत नव्हता. धनुषला तेव्हा ऑफिसातली मोठ्या घरची मुलगी सांगून आली होती. कारकुनाची पोर करून काय मिळणार होतं? तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस. आता झालं ते झालं, बिडु, सोडून दे."

त्यांच्या आवाजात शरम नव्हती, रागही नव्हता. कधी काळी दुसऱ्याच कुणाच्या घरात घडलेली गोष्ट सांगावी तसं ते बोलले. एवढ्यासाठी बहिणीनं इतकी वर्षं वहिनीचं तोंड पाहिलं नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच! त्यांना ते सोयीचं होतं.

अनुसूयाबाईंना रडू येईल असं अमूल्याला वाटलं होतं. आलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, साडेतीनची बस आहे. निघ तू."

दत्तोजीराव दुखावून गेले. जाताना म्हणाले, एवढ्या लांबून आलो त्याचं हे.

संध्याकाळी अनुसूयाबाईंनी मुलीला विचारलं, इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस? अमूल्या लॅबचे पांढरे कोट घडी घालत होती.

"तुला तुझा अण्णा पाहिजे होता," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं तर मलाही तू मामीच्या शेजारी नेऊन बसवलं असतंस."

मुलीनं म्हटलं ते खोटं नव्हतं. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, पण बोलणं कामापुरतंच उरलं. दूध आलं, गॅस संपला, उद्या उशीर होईल.

तारावहिनीच्या वर्षश्राद्धाला अनुसूयाबाई एकट्याच नंजनगूडला गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. अमूल्या आदल्या दिवशीच जाऊन फोटोला हार घालून आली होती, आणि येते का म्हणून तिनं आईला विचारलंही नव्हतं. अनुसूयाबाई मागच्या बाजूला बायकांमध्ये बसल्या. वहिनीचा फोटो त्यांनी पहिल्यांदा नीट बघितला. चमकी लहानच होती.

पंगत बसली. दत्तोजीराव पानांवरून फिरत आग्रह करत होते. अनुसूयाबाईंच्या पानाशी थांबले आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "ही माझी बहीण. माझ्या तारीनं हिच्यासाठी जीव टाकला. पण हिनं तिला कधी जवळ केलं नाही. मरेपर्यंत तोंड फिरवलं." बायकांनी अनुसूयाबाईंकडं बघितलं. एक म्हातारी च्‌च्‌ म्हणाली. पलीकडून कुणीतरी धनुषसाठी हासनचं स्थळ जवळजवळ ठरल्याचं सांगत होतं.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. अनुसूयाबाईंनी मान खाली घातली, आणि वाढलेला भात आमटीत कालवून हळूहळू सगळा संपवला.