शिरक्याची वाटी

आखातातल्या देऱ्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. खाडी ओलांडून होडीतून उतरताना मी घसरले आणि धक्क्याच्या दगडावर आपटले. कुठे, ते सांगायचीच पंचाईत. यांना म्हटलं, "पाय दुखतो." यांनी गुडघ्याला लावायला तेल आणलं. मी मुकाट्याने गुडघा चोळत राहिले. दुखत होतं वर.

नमाजला बसवेना, तेव्हा हे म्हणाले, "अगो, असंच राहिलं तर पुढच्या बोटीने तुला गावी पाठवतो. अम्मी बघेल तुझं." मला जायचं नव्हतं. लग्नानंतर आत्ता कुठे आम्ही एका छपराखाली आलो होतो. म्हणून मी दवाखान्यात गेले.

डॉक्टर गोव्याचे, वयस्कर. "कुठे दुखतं, भाभी?"

मी ओढणीचं टोक बघत बसले. "गुडघा," हेच म्हणाले.

डॉक्टरांनी गुडघा ठोकून पाहिला. "हा तर ठणठणीत आहे. खरं कुठे?"

आपल्या बोलीतला तो शब्द परपुरुषासमोर काढायचा कसा?

डॉक्टर हसले. "रोमचे जुने लेखकही असेच अडले होते, भाभी. वैद्यकी सगळी ग्रीक भाषेत. स्वतःच्या लॅटिनमध्ये लिहायला बसले, तर शब्दच नाहीत. आणि लाजेच्या जागांना घरचा शब्द लिहायला संकोच, परका ग्रीक शब्द चालायचा. बाकी बरेच शब्द त्यांनी घरातल्या रोजच्या गोष्टींवरून उचलले. नडगीचं हाड म्हणजे पावा, शेजारचं बारीक हाड म्हणजे कपड्याची पिन, स्नायू म्हणजे छोटा उंदीर."

"उंदीर?" मी बोलूनच गेले. "आम्ही दंडात बेटकुळी म्हणतो."

"बघा! त्यांचा उंदीर, आपली बेडकी. आणि मांडीचं हाड वर ज्या खळग्यात बसतं, ती त्यांची शिरक्याची वाटी. जेवताना शिरका, म्हणजे व्हिनेगर, ठेवायचे ना, तशी."

मी यांच्याकडे बघितलंच नाही. हळूच म्हणाले, "तीच. डावी."

"मग गुडघ्याला तेल कशाला चोळत होतीस?" हे ओरडले.

"तुम्ही आणलंत म्हणून."

पडद्याआड नर्सबाईंनी तपासलं. हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. शेक आणि आराम सांगून डॉक्टर यांना म्हणाले, "बोटीचं खलास. भाभी इथेच राहतील."

तेव्हापासून घरी पाहुणे बसलेले असले की हे मुद्दाम विचारायचे, "आज वाटी कशी आहे?"

आणि मी, चारचौघांत तोंड न उघडणारी, स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगायचे, "घासून ठेवलीय!"