बाबांच्या खिडकीखालची गाडी

बाबा गेले आणि त्याच आठवड्यात त्यांची गाडी बंद पडायला लागली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर बाबांचंही वाटलं नव्हतं. लोक भेटायला येत होते, मी खुर्च्या मांडत होतो, चहा देत होतो, आणि आत सगळं सुन्न होतं. रडू येत नाही याची तेवढी लाज वाटायची.

आईला काही दिवस खाप्याला मामाकडे पोचवायचं ठरलं. आई म्हणाली, "यांच्या गाडीनं नेत असशील तं ठीक, नाही तं मी कुठी जाऊन नाही राहिली."

म्हणून नवी बॅटरी टाकली. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणाचीही गाडी रुसली की आम्ही डोळे झाकून बॅटरीच बदलतो. थोडे दिवस बरे गेले. मग हॉर्न घोगरा झाला, हेडलाइट मंदावले आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला.

सुट्टीच्या दिवशी जेवून गाडी प्रताप नगरात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यानं इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. काटा बारा व्होल्टवरच. रेस दिली तरी ढिम्म हलेना.

"चौदाच्या जवळ पाह्यजे होता, भाऊ. बॅटरी चांगली हाय. अल्टरनेटर तिले चार्जच करून नाही राहिला."

त्यानं टॉर्च मारला. अल्टरनेटरच्या सॉकेटवर पांढरे खार चढले होते.

"गाडी कूलरखाली लावता काय?"

लावत होतो. पोर्चमध्ये सावलीची तेवढीच जागा, बाबांच्या खिडकीखाली. ऑफिसला मी स्कूटरनं जायचो, गाडी दिवसभर तिथेच. आजारपणात त्यांचा कूलर सतत चालायचा आणि बोअरचं पाणी बॉनेटच्या फटीतून आत गळायचं.

"तो बंद करा पहिले. नाही तं नवा टाकला तरी हेच होईन."

"बंदच आहे," मी म्हणालो. "बाबा गेल्यापासून."

त्यानं सॉकेटखालच्या खोबणीत बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट ओलं होतं. "मंग हे काहून ओलं हाय?"

गाडी तिथेच ठेवून ऑटोनं घरी आलो.

पोर्चमध्ये, जिथे गाडी उभी असते, तिथे फरशीवर टप टप पाणी पडत होतं. आत बाबांचा पलंग रिकामा होता. कूलर भरात सुरू होता आणि पलंगाशेजारी खाली चटईवर आई झोपली होती. माझ्या चाहुलीनं दचकून उठली आणि आधी बटणाकडे धावली.

"तू ऑफिसले, नाही तं कुठी बाहेर गेला का लावतो थोडा वेळ," ती म्हणाली. "हा बंद असला का खोली लई चूप वाटते."

तेव्हा मला रडू आलं. आईसमोर, दारातच, चप्पल पायात असताना.

मामाला फोन करून सांगितलं, आई इतक्यात येत नाही. गाडी आली की बाहेर उन्हात उभी राहील. मग अंगणातला पाइप ओढला आणि कूलरची टाकी भरून ठेवली.