दुसऱ्या डोसाचा दिवस

"पोट बघू, महाराज," म्हणत शेजारचे काका पिल्लाला उताणं धरायचे आणि पोटावर टिचकी मारायचे. बालाजी घाटाच्या आमच्या गल्लीत कुत्री व्याली की पिल्लांची गोल पोटं बघून आम्ही बायका म्हणायचो, "कशी गुटगुटीत आहेत!" तुम्हीही म्हटलं असतं. काका चिडायचे. "गुटगुटीत कुठली! जंत आहेत आत. बरगड्या बघा की."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात वजनं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पिल्लू भाजीच्या पिशवीत घालून ते हातकाट्याला लटकवायचे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने औषध पाजायचे. पिल्लांच्या आईलाही द्यायचे. "आपलं माप चुकत नाही, सूनबाई. एकदम सही."

मी पिशवी धरायची, एवढंच.

एका कार्तिकात, तीन पिल्लांना पहिला डोस देऊन, ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले. जाताना मला बाटली दिली, सिरिंजवर रेघ मारून. "सोमवारी दुसरा डोस. वाढलेलं वजन धरूनच रेघ मारलीय. विसरायचं नाही."

विसरले नाही. पण कार्तिकभर सोवळ्यातला नैवेद्य माझ्याकडे. कुत्र्याला शिवलं की पुन्हा अंघोळ. सासूबाई म्हणाल्या, "पौर्णिमा होऊ दे गं, मग दे. आठवड्याने काय बिघडतंय?" मला उलट बोलता येत नाही. दुसऱ्या कुणाला सांगायचीही लाज वाटली.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी पांढरं पिल्लू पायरीवर मरून पडलं होतं. पोट टम्म. उलटीत शेवयांसारखे जंत. उरलेल्या दोघांना मी तिथल्या तिथे, सोवळ्यातच, औषध पाजलं.

काका काळा चष्मा लावून परत आले, पांढरं पिल्लू गेल्याचं त्यांनी ऐकलं. "सोमवारी दिलंस ना?"

मी मान हलवली. हो अशी.

ते पायरीवर बसले. काटा हातात फिरवत राहिले. "म्हणजे माप माझंच चुकलं."

त्यानंतर ते एकेक पिल्लू तीनतीनदा तोलायचे. तरी भरवसा नाही. "सूनबाई, तू वाच गं. किती दाखवतो?" चौथी शिकलेली मी आकडा वाचायची. दर वेळी खरं तोंडाशी यायचं, आणि मी नुसता आकडा सांगायची.

गेल्या थंडीत काका गेले. त्यांच्या मुलीने काटा मला दिला. आता आधी पिल्लं, मग अंघोळ आणि सोवळं. काल या खेपेचं तिसरं पिल्लू पिशवीत वळवळत होतं, काटा थांबेना. थांबला तेव्हा मी मोठ्याने आकडा वाचला आणि म्हटलं, "काका, माप बरोबर होतं तुमचं. मीच दिलं नव्हतं."

पायरीवर ऐकायला फक्त ती कुत्री होती. त्या पांढऱ्या पिल्लाची आई.