न बुजलेली भेग

माझ्या बाला जमिनीनं गिळलं.

'दुःखद निधन' वगैरे मी लिहिणार नाही. गिळलं ते गिळलं.

राजूरच्या बाजूचं आमचं गाव. वर काळी माती, खाली कोळशाच्या जुन्या खाणीचं भुयार. भुयाराबद्दल कुणी बोलायचं नाही.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. वाढेल, वाढेल म्हणत पावसाळा लागला तरी आमचा कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला. आग लागो त्या कापसाला.

अंगणात एक भेग पडली होती. थेट त्या खोलीखाली गेलेली.

बा बिनधास्त. "काळ्या जमिनीले भेगा पडतेतच. पाणी पडलं का बुजते."

दरवर्षीसारखं त्यानं भेगेत पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या कोंबल्या, वरून शेणानं सारवलं. झालं!

तेव्हा मी सातवीत. भूगोलाला झरी जामणीचे कोवे सर. त्यांनी ताटलीत मातीचं चिरलेलं ढेकूळ ठेवलं, पाणी ओतलं. ढेकूळ फुगलं, चीर मिटली.

"काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते," सर म्हणाले. "मग भर पावसातही जी भेग बुजत नाही, ती मातीची नाही. खालचा थर खचून राह्यला, समजायचं."

शेतातल्या सगळ्या भेगा बुजल्या होत्या.

मी हात वर केला. "सर, आमच्या अंगणात एक आहे."

सर त्याच संध्याकाळी घरी आले. भेगेत बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं. कुठं गेलं, कळलंच नाही.

"मारोतराव, आजच घर सोडा."

बा हसला. "सर, जलम गेला या मातीत. तुमी मले माती शिकवता?"

पण त्याच रात्री त्यानं आईला आणि मला शाळेच्या ओट्यावर झोपायला पाठवलं. स्वतः नाही आला.

"कापसाले कोन राखन?"

मग भाव जरासा वाढला. वणीहून मेटाडोर आला. भर दुपारी बा डोक्यावर गाठोडी वाहत होता, आम्ही रस्त्यावर उभ्या.

आई ओरडली, "पुरे करा नं आता!"

"एकच राह्यलं. आलोच."

आवाज फार मोठा नव्हता. भरलं पोतं खाली टाकावं, तेवढाच.

खोलीच्या जागी खड्डा. हवेत कापसाचे पुंजके.

बा सापडला नाही.

आता मीच सातवीला भूगोल शिकवते. तोच पाठ, तशीच ताटली. काल ढेकूळ फुगलं, चीर मिटली, पोरं टाळ्या वाजवत होती.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, आमच्या अंगणात एक आहे."

मी तिच्या घरचा पत्ता लिहून घेतला.

आज तुझी पुण्यतिथी, बा. फोटोला हार घालायला घरी थांबणार नाही. तिच्या घरी चाललेय. तिचा बापही हसेल, मला माहीत आहे. हसू दे. हाताला धरून बाहेर काढीन.

हीच माझी श्रद्धांजली तुले.

येते, बा.